चौथ्या नियमाची रिकामी ओळ

गेल्या वर्षापर्यंत मी वर्गात 'हजर' इतक्या हळू म्हणायचे, की महिन्यातून दोनदा तरी समोर बसलेली असताना माझी गैरहजेरी लागायची. यंदा मला आवाज फुटलाय. आई म्हणते, आवाज कसला, धरण फुटलंय. तर त्या धरणाचं पाणी तिच्या कारखान्यात कसं शिरलं, ते सांगते.

माझी आई नळ घासते. भांडी घासतात तसं नाही हं. ओतून आलेल्या पितळी नळाच्या कडा खरबरीत असतात, त्या फिरत्या चाकावर धरून गुळगुळीत करायच्या. अकरा वर्षं तिचं एकच चाक, खिडकीपासून दुसरं. नळ चाकाला नीट टेकलाय की नाही, हे ती नुसत्या आवाजावरून सांगते. कुणाच्याही घरी गेलं की आधी त्यांच्या नळावरून अंगठा फिरवते आणि माझ्या कानात म्हणते, "कुणी घासलाय गं हा? झोपेत?"

त्या मंगळवारी ती घरी आली, ती चष्म्याच्या डाव्या काचेवर चांदणी घेऊनच. चाकावरून उडालेला कण सरळ काचेवर बसला होता.

"काच नसती तर..." आई म्हणाली आणि थांबली. पुढचं मी मनात पूर्ण केलं.

"आणि टिकमार्क काय म्हणाला, ऐक. गॉगल घातला नव्हता, चूक तुमची. सोमवारपासून चाक सोडायचं, पॅकिंगला बसायचं."

टिकमार्क म्हणजे तिथला सुपरवायझर. रोज सकाळी रजिस्टर घेऊन सगळ्यांसमोरून जातो. टोपी, मास्क, कानातले बोळे, चष्मा, बूट. पाच रकाने, पाच टिकमार्क, पुढचा माणूस.

पॅकिंग म्हणजे नळ खोक्यात भरायचे. काम वाईट नाही, पण ते आईचं नाही. गवयाला तंबोऱ्याच्या गवसण्या शिवायला बसवलं तर कसं होईल, तसं.

"पण मग तू गॉगल का घालत नाहीस?" मी विचारलंच.

"घालून बघितला की! चष्मा काढला तर बसतो. आणि चष्मा काढला की चाक कुठे आणि माझी बोटं कुठे, काही पत्ता नाही. चष्म्यावरून चढवला तर कडेला बोटभर फट. कण आत जायला दारच उघडं."

"हे सांगितलंस त्याला?"

"सांगितलं. म्हणाला, बहाणे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आणि योग बघा, त्याच आठवड्यात टिकमार्कला माझी गरज पडली. पुढच्या गुरुवारी कारखान्यात तपासणीवाले येणार होते आणि भिंतीवर नियमांचा फलक हवा होता. आईने कधीतरी माझ्या अक्षराची फुशारकी मारून ठेवलेली.

"तुमची मुलगी शनिवारी येईल का, म्हणून विचारत होता," आई म्हणाली. "मी नाही म्हणून सांगते."

"येणार म्हणून सांग," मी म्हणाले. "ब्रश माझा आणते."

शनिवारी अर्धी शाळा. दप्तरासकट पोचले तेव्हा जेवणाची सुट्टी होती, चाकं बंद होती. हवेत पितळेचा वास, जिभेवर नाणं ठेवल्यासारखा. आई डबा संपवून चांदणीवाला चष्मा पुसत होती. तिच्या शेजारच्या चाकावरच्या बाईंना सगळे भोंगामावशी म्हणतात, कारण कानात बोळे घातलेल्या माणसालाही त्यांचं बोलणं ऐकू जातं.

टिकमार्कने मला कागद दिला. "पाच नियम आहेत. जसंच्या तसं उतरव. डोकं चालवू नको."

मी स्टुलावर चढले. पांढरा ऑइलपेंट, हिरवा फलक. टोपीचा नियम झाला, मास्कचा झाला, बोळ्यांचा झाला. चौथा होता, 'चष्मा घातल्याशिवाय यंत्र चालवू नये.' ब्रश उचलला आणि हात थांबला. काहीतरी खटकत होतं, काय ते कळेना. चौथी ओळ मोकळी ठेवून मी आधी पाचवा, बुटांचा, लिहून टाकला.

खाली उतरले तर शेजारच्या टेबलावर रजिस्टर. कुणी उघडू नको म्हटलं नव्हतं. मंगळवारचं पान काढलं. आईची ओळ. टोपी, टिकमार्क. मास्क, टिकमार्क. बोळे, टिकमार्क. चष्मा, टिकमार्क.

मी मागची पानं उलटली. सोमवार, शनिवार, गेला महिना. चष्मा, टिकमार्क. चष्मा, टिकमार्क.

आणि खटकत होतं ते एकदम हाताला लागलं. या कारखान्यात नंबरच्या चष्म्यालाही चष्माच म्हणतात आणि खुंटीवर लटकणाऱ्या गॉगललाही! बाईच्या नाकावर काहीतरी आहे एवढं बघून हा माणूस रोज खूण करत होता.

"काका," मी म्हणाले, "मंगळवारी आईने चष्मा घातला होता की नव्हता?"

"नव्हता."

"इथे तर तुम्हीच टिक केलीय."

तो जवळ आला. पान बघितलं. "तो नंबरचा गं. नियमातला चष्मा वेगळा."

"नियमात कुठे लिहिलंय वेगळा?"

"सगळ्यांना कळतं ते."

"सगळ्यांना कळतं तर तुम्हाला का नाही कळलं?"

भोंगामावशींनी हसू दाबलं. त्यांचं दाबलेलं हसूही दारापर्यंत जातं.

"तोंड फार चालतं हिचं," टिकमार्क आईला म्हणाला.

"यंदापासून," आई म्हणाली. शांतपणे, काच पुसत.

"काका, रागावू नका. तुम्हालाही नंबर आहे ना? हा गॉगल चढवून दाखवा. चष्म्यावरून."

त्याने खुंटीवरचा गॉगल घेतला, मला एकदाचं गप्प करावं म्हणून. चष्म्यावरून चढवला. गॉगल कपाळावर टेकला आणि गालापासून चांगला सुटून राहिला. भोंगामावशी उठल्या आणि त्या फटीतून त्यांनी करंगळी आत घालून हलवून दाखवली.

"अहो, काय करताय!"

"कण आलाय साहेब," मावशी म्हणाल्या.

आता मात्र बायका उघडउघड हसल्या. टिकमार्कचे कान लाल झाले. "चष्मा काढून घालायचा असतो तो!" असं म्हणत त्याने चष्मा काढून खिशात टाकला आणि नुसता गॉगल घट्ट बसवला. "हे बघा. झालं की नाही? दिसतंय मला सगळं."

"सगळं?"

"सगळं."

"मग फलकावरचा चौथा नियम वाचा ना."

तो फलकाकडे वळला, मान ताठ केली आणि शाळेच्या तपासणीत वाचतात तसं खणखणीत वाचलं, "चष्मा घातल्याशिवाय यंत्र चालवू नये!"

चौथी ओळ रिकामी होती. मग जो हशा झाला! मावशी तर डब्याच्या झाकणाने टेबल बडवायला लागल्या. टिकमार्क इकडेतिकडे बघत होता आणि त्याला कोण हसतंय तेही दिसत नव्हतं.

आवाज ऐकून मालक केबिनमधून बाहेर आले. "काय चाललंय?"

"साहेब नियम वाचतायत," मावशी म्हणाल्या. "नसलेला."

मालकांनी फलक बघितला, मग मला. "ही ओळ का सोडलीस?"

आणि माझं धरण आटलं. खरं सांगते. ते उंच, मी दप्तर घेतलेली, हातावर पेंट ओघळलेला. माझा तो जुना 'हजर' परत आला. "शब्द... चुकीचा आहे," एवढंच म्हणाले, तेही त्यांना ऐकू गेलं नसेल.

तेव्हा आई उठली. चांदणीवाला चष्मा डोळ्यांवर चढवला.

"मालक, माझ्याशी बोला. सोमवारी मी येणार. माझ्या चाकासमोर बसणार आणि चाक सुरू करणार नाही. माझ्या चष्म्यावर बसेल असा गॉगल आणा, त्या मिनिटाला सुरू करीन. पॅकिंगला मी जाणार नाही."

"आणि नाही आणला तर?"

"तर गुरुवारी तपासणीवाल्यांना मी बंद चाकासमोर बसलेली दिसेन. का बसलीय, ते विचारतीलच. मीही सांगेनच."

मालक काही बोलणार तेवढ्यात भोंगामावशींनी पिशवीतून स्वतःचा चष्मा काढून नाकावर ठेवला. "मलाही नंबर आहे. खुंटीवरचा घालायचा म्हणून वर्षभर अंदाजानेच घासतेय. मीही बसणार." पाठोपाठ पलीकडच्या दोघी. नऊ चाकांपैकी चार.

"सोमवारचं सोमवारी बघू," मालक म्हणाले. "पोरी, ती ओळ पूर्ण कर आणि घरी जा." आणि केबिनचं दार लागलं.

"काय लिहू पण?" मी विचारलं.

टिकमार्क चष्मा शोधत खिसे चाचपत होता. आईने सांगितलं. एकेक शब्द, मी लिहीन तसा थांबत थांबत. 'नंबरचा चष्मा असणाऱ्यांना त्यावर बसणारा गॉगल मिळेल. तो मिळेपर्यंत चाक बंद, माणूस जागेवर.'

एका ओळीची जागा, त्यात हे एवढं. अक्षरं शेवटी मुंग्यांएवढी झाली आणि 'जागेवर'ला जागाच उरली नाही. ते मी खालच्या लाकडी चौकटीवर लिहिलं.

सोमवारी चार चाकं बंद. मंगळवारीही. आई मांडीवर हात ठेवून आठ तास बसून आली आणि घासण्यापेक्षा बसून जास्त दमले म्हणाली. टिकमार्कने चौकटीवरचं 'जागेवर' रॉकेलने पुसायला घेतलं होतं म्हणे. ऑइलपेंट वाळलेला, उलट चकाकायला लागला.

बुधवारी दुपारी खोकं आलं. रुंद, खोल, कडेला मऊ रबर असलेले चार गॉगल. आईने आपला मला दाखवायला घरी आणला. चष्म्यावरून चढवून आरशासमोर उभी राहिली. "बेडूक दिसतेय," म्हणाली आणि तसाच घालून भाकरी थापत बसली.

गुरुवारी सकाळी टिकमार्क रजिस्टर घेऊन नेहमीसारखा लांबूनच पेन उचलायला लागला.

"लांबून नाही," आई म्हणाली. "जवळ या. बोट घालून बघा, फट आहे का."

त्याने बघितलं. गाल, कपाळ, दोन्ही कडा. फट नव्हती. टिक केली. मग हळूच म्हणाला, "बाई, एक मलाही मागवायला हवा होता. मीही दिवसभर याच चाकांमधून फिरतो."

"मागवा की," आई म्हणाली आणि फलकाकडे बोट दाखवलं. "तो येईपर्यंत जागेवर."