पेठ म्हणजे कोणती पेठ?

मित्रांनो, मी एक जुना फाटा आहे. डांबरी रस्त्यावरचा नव्हे, इंटरनेटवरच्या एका ज्ञानकोशातला. माझ्या कपाळावर एकच शब्द आहे, 'पेठ', आणि खाली दोन वाटा. एक शहरातल्या बाजाराच्या वस्तीकडे जाते, दुसरी नाशिकच्या पश्चिमेला डोंगरात असलेल्या पेठ तालुक्याकडे. माझ्या पोटात ज्ञान नाही. मी फक्त विचारतो, बाबा रे, तुला कुठं जायचंय?

मला घडवलं मैनाबाईंनी. त्या मूळच्या पेठच्या, आता नाशिकमध्ये इंदिरानगरच्या एका शाळेत शिकवतात. सुट्टीच्या दिवशी बसून त्यांनी आपल्या तालुक्याचा लेख लिहिला: तिथली नागली म्हणजे नाचणी, भात, आणि भात निघाला की निफाडच्या द्राक्षबागांत कामाला उतरणारी माणसं. तो लेख वाचकाला सापडावा म्हणून त्यांनी मला उभं केलं.

पुढे ज्ञानेश आले. नाशिकच्याच सातपूर भागातल्या एका कारखान्यात इंजिनिअर, आणि फावल्या वेळात ज्ञानकोशाची झाडलोट करणारे. माणूस वाईट नाही, पण झाडू हातात आला की काहींना सगळाच केर दिसतो. त्यांनी मला पुसलं आणि 'पेठ' लिहिलं की थेट बाजार उघडेल अशी सोय केली. वर मैनाबाईंच्या लेखात जिथे 'पेठला' होतं तिथे 'पेठेत' केलं. म्हणे शुद्ध मराठी! अहो, पेठेत माणूस साडी घ्यायला जातो आणि पेठला आईला भेटायला जातो. नाशिकच्या माणसाला एवढं कळू नये? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमच्याकडे पुसलेलं पानही आत जपून ठेवतात, नाहीतर हे सांगायला मी उरलो नसतो.

एके दिवशी मैनाबाईंनी आपला तालुका दाखवावा म्हणून वर्गातल्या पडद्यावर 'पेठ' लिहिलं. उघडली सराफांची दुकानं. स्वरदा नावाच्या मुलीने भाबडेपणाने विचारलं, "मॅडम, तुमचं गाव म्हणजे मार्केट आहे का?" सगळा वर्ग हसला. मैनाबाई हसल्या नाहीत.

घरी येऊन त्यांनी चर्चेच्या पानावर ज्ञानेशना जाब विचारला. उत्तर आलं की बहुतेक वाचकांना बाजारच हवा असतो, बाकीचे शोधून घेतील.

मैनाबाईंनी लिहिलं, "बहुतेकांत आम्ही कधीच नव्हतो. म्हणून तर फाटा लागतो."

यावर ज्ञानेशनी मला परत उभं केलं, 'पेठला'ही परत आलं. माफी मात्र कुणी मागितली नाही, आणि माझा राग अजून उतरलेला नाही. माझ्यासारखे कितीतरी फाटे रोज पुसले जातात आणि त्यांच्यासाठी भांडायला कुणी मैनाबाई नसतात.

मित्रांनो, तुमच्या गावाच्या नावाचं दुसरं मोठं काही असेल, तर आजच ते नाव ज्ञानकोशात लिहून बघा. दुसऱ्याचंच दार उघडलं तर गप्प बसू नका.