उजव्या बुटाची झीज

पोस्टमनने बूट तळ लावायला दिले. बूट शिवणाऱ्या काकांनी दोन्ही उलटे करून पाहिले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"डावा नेहमीसारखा चवड्याखाली झिजलाय. उजवा मात्र पार टाचेजवळ. पॅडलवर पाय पुढे सरकवून ठेवता की काय?"

"वीस वर्षं सायकल मारतोय, काका. आता पाय कुठे ठेवायचा ते तुम्ही शिकवणार?" तो हसला खरा, पण उजवा बूट हातात घेऊन टाचेजवळची झीज पाहू लागला.

चवड्याने पॅडल दाबलं की पोटरीला काम पडतं. पाय पुढे सरकवला की भार मांडीवर जातो आणि पोटरी सुटते. हे त्याला थोरल्या भावाने शिकवलं होतं. थोरलाही पोस्टमनच. त्याचाही पाय असाच नकळत पुढे सरकू लागला, तेव्हा घरच्यांनी त्याला आळशी ठरवलं, आणि चिडवण्यात हाच सगळ्यांच्या पुढे. वर्षभरात थोरल्याने अंथरूण धरलं, ते शेवटपर्यंत.

टपरीचा खांब धरून पोस्टमनने डावा पाय उचलला आणि उजव्या चवड्यावर उभं राहायला गेला. सगळा जीव पोटरीत एकवटला, तरी टाच जमिनीवरून हलेना.

"ऊठ की रे आळशा," तो पायाला म्हणाला.

थोरल्याला त्याने हेच म्हटलं होतं, तेव्हा सगळं घर खो-खो हसलं होतं.