दारातल्या खुंटीवरची ओढणी

मित्रांनो, खुंटीवर टांगलेल्या वस्तूने गुपचूप लोंबकळत राहावं अशी सगळ्यांची अपेक्षा असते. मला ते कधी जमलं नाही. मी एक जुनी ओढणी आहे, पांढऱ्या मलमलीची, चारी कडांना क्रोशाची जाळी असलेली. मिरजगावपासून थोडं आत असलेल्या एका लहानशा गावात आमचं कॅथलिक चर्च आहे. त्या चर्चच्या दारात, डाव्या हाताच्या खुंटीवर माझी सत्तावीस वर्षं गेली. दार उघडलं की वाऱ्याने मी हलायची. पण खरं सांगते, वारा नसतानाही मला स्वस्थ बसवत नसे. माझ्या जिवाला एक घोर लागला होता, आणि तोच आज तुम्हाला सांगायचा आहे.

माझा जन्म सिस्टरांच्या शिवणवर्गात झाला. मला विणणाऱ्या बाईचं नाव छबूबाई. दिवसभर शेतात खुरपून आलेल्या तिच्या बोटांना क्रोशाची सुई काही केल्या जमायची नाही. टाका चुकायचा, ती उसवायची, परत घालायची. माझी एक कड तीनदा उसवलेली आहे, हवं तर आजही दाखवते. हा सगळा खटाटोप तिच्या नऊ वर्षांच्या लेकीसाठी, रेश्मासाठी चालला होता. रेश्माला त्या वर्षी पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद मिळणार होता. मिस्सा म्हणजे आमची रविवारची उपासना, आणि तिच्यात वेदीपुढे जाऊन ख्रिस्तप्रसाद, म्हणजे पवित्र भाकरीचा घास घ्यायचा, हा प्रत्येकाच्या मनातला मोठा क्षण. तेव्हा बायांनी डोकं झाकूनच वेदीपुढे जायचं, असा दंडक होता.

विणता विणता छबूबाई सिस्टरांना म्हणाली होती, "मी नवी नवरी हुते तवाची गोष्ट. पदर फाटका, डोक्यावर ठरंना. म्होरल्या म्हाताऱ्यांनी मला रांगेतून माघारी लावलं. आख्खं चर्च बगत हुतं. माझ्या पोरीला कुनी माघारी लावनार न्हाई."

मी तेव्हा अर्धीच विणलेली होते, तरी ते वाक्य माझ्या धाग्यात बसलं.

पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी रेश्माच्या दोन वेण्यांवर छबूबाईने मला ठेवलं, पुढून सारखं केलं, मागून सारखं केलं, आणि मग परत पुढून. रेश्माचा बाप सूर्यभान हसत म्हणाला, "आगं, पोरगी दिसू दे की जरा." सगळे हसले. मित्रांनो, इतकं सुख मला पुढे फार वर्षं मिळालं नाही.

मग रेश्मा मोठी झाली आणि मी डांबरगोळ्यांच्या वासात ट्रंकेत पडून राहिले. तिथेही मी कंटाळून अंग मुडपत बसायची. तीनेक वर्षांनी एका रविवारी छबूबाईने मला घाईघाईने बाहेर काढलं. शेजारची चांगुणा कांद्याच्या वावरातून तशीच मिस्सेला आली होती. तिच्या पातळाला पदर म्हणावा असं काही उरलंच नव्हतं, म्हणून ती बाहेर चपलांपाशी उभी राहिली होती. छबूबाईने मला तिच्या डोक्यावर टाकलं आणि हाताला धरून तिला आत नेलं. दुसऱ्या दिवशी सूर्यभानने दारात खुंटी ठोकली. डोक्यावर घ्यायला काही नाही म्हणून कुणी बाई माघारी जाऊ नये, एवढाच त्या खुंटीचा अर्थ होता.

ती माझी कष्टाची आणि मानाची वर्षं. किती डोकी मी पाहिली! खोबरेल तेलाची, शिकेकाईची, उन्हाने तापलेली, देवीच्या यात्रेसारखी गर्दी असलेल्या नाताळात घामाने भिजलेली. एकीच्या डोक्यावर मी असताना ती गुडघ्यांवर बसून नवऱ्याच्या दारूसाठी रडली. दुसरी माझ्याआडून शेजारणीच्या नव्या पाटल्या न्याहाळत होती. मी दोघींनाही झाकलं. शनिवारी छबूबाई मला रिठ्याने धुवायची, नीळ घालायची, आणि फादर म्हणायचे, "छबूबाई, तुमची ओढणी म्हणजे चर्चची सेविका आहे." मी फुगून जायची.

पण हळूहळू काहीतरी बदललं, आणि ते कधी बदललं हे मलाही नेमकं सांगता येणार नाही. आधी छबूबाई विचारायची, "घेतीस का गं?" मग म्हणू लागली, "घे गं." आणि मग काही न बोलताच ती दारात मला हातात धरून उभी राहू लागली. पोरी मला घ्यायच्या, पण नाक मुरडून. कुणी मला डोक्यावर असं टाकायची की पहिल्या गीतालाच मी मानेवर यावं. मधल्या काळात नवे फादर आले, फादर कल्याण. ते एकदा मिस्सेनंतर म्हणाले, "बायांनो, डोकं झाकायलाच पाहिजे असा आता नियम नाही. ज्यांना घ्यायचंय त्यांनी मनापासून घ्या. ज्यांना नको, त्यांना कुणी बोलू नका." छबूबाईने मान हलवली. मग दाराशी येऊन तिने मला खुंटीवरून काढलं आणि पुढच्या रविवारसाठी घडी घातली. फादरांचं तिने ऐकलं होतं, पण तिला ते लागू आहे असं तिला वाटलं नव्हतं.

आता ती गोष्ट सांगते, जिच्यामुळे माझी झोप उडाली. आठ वर्षांपूर्वीचा नाताळ. रेश्मा तोवर नगरला नर्स झाली होती, तिथेच तिचा संसार होता. सणाला ती माहेरी आली. चर्च खच्चून भरलेलं. सतरंज्यांवर एका बाजूला पुरुष, एका बाजूला बाया. ख्रिस्तप्रसादाची रांग लागली. रेश्मा मोकळ्या डोक्याने रांगेत उभी होती. छबूबाई मला घेऊन दारातून निघाली, सगळ्यांच्या मधून चालत गेली आणि मागून मला लेकीच्या डोक्यावर ठेवलं.

रेश्माने मला हळूच खाली काढलं. ती रागावली नव्हती, हसूनच म्हणाली, "आई, ही माझ्या बापाच्या घरी आलेय मी. आपल्यात माहेरी कुनी डोक्यावर पदर घेतं का?"

मागच्या दोन बाया फिसकन हसल्या. आपल्याकडे सून सासरी पदर घेते आणि लेक माहेरी मोकळी वावरते, हे सगळ्यांनाच ठाऊक. आमच्या प्रार्थनेत देव म्हणजे बापच, मग त्याचं घर सासर की माहेर? मागचं हसू ऐकून छबूबाईचा तोल गेला.

"मंग जा तुझ्या माहेराला! हितं अशी उभी ऱ्हाऊ नगंस!"

मी छबूबाईच्या हातातून निसटून फरशीवर पडले. रेश्मा रांगेतून बाहेर पडली, चपला घालून निघून गेली. तिच्या तोंडात ख्रिस्तप्रसाद पडला नाही. सूर्यभानने मला उचललं, झटकलं, खुंटीवर अडकवलं आणि फक्त एवढंच म्हणाला, "पोरगी माघारी गेली, छबू."

तेव्हापासून मला चैन नव्हती. कुणी माघारी जाऊ नये म्हणून मला टांगलं होतं, आणि जिच्यासाठी मला विणलं तीच माझ्यामुळे माघारी गेली. मी काय करायला हवं होतं? घट्ट बसायला हवं होतं, की आधीच घरंगळायला? रात्रंदिवस मी हेच घोळवत राहिले. छबूबाईने वरून काही दाखवलं नाही. पण ती पुढे बसायची ती दाराजवळ बसू लागली, आणि बाहेर टेम्पो थांबला की तिची मान आपोआप वळायची. सूर्यभान दर महिन्याला एसटीने नगरला जाऊन लेकीला भेटून यायचा. मायलेकींचं बोलणं फोनवर व्हायचं, पण गोळ्या घेतल्या का आणि साखर किती, एवढंच.

दरम्यान जग गमतीचं होत चाललं होतं. चांगुणाची नात स्नेहल, कॉलेजात जाणारी, मोबाईलवर कुठल्या तरी देशातल्या, मिस्सेत डोकं झाकणाऱ्या मुली पाहून तिने काळ्या जाळीची ओढणी मागवली आणि दर रविवारी घेऊ लागली. तिची आई म्हणे, "हिला कुनी सांगितलं?" स्नेहल म्हणाली, "कुनीच न्हाई. मला आवडतं, मन लागतं माझं." तिच्या मैत्रिणी तिला चिडवायच्या, ती ढिम्म हलायची नाही. मला तिचा हेवा वाटला. तिच्या ओढणीला कुणी हातात धरून दारात उभं केलं नव्हतं.

गेल्या वर्षी सूर्यभान गेला. मातीच्या दिवशी रेश्मा आली, पण चर्चच्या आत आली नाही. बाहेर लिंबाखाली उभी राहून तिने बापाची मिस्सा ऐकली. खुंटीवरून मला ती दिसत होती आणि आत बसलेल्या छबूबाईला दिसत नव्हती. मी किती तडफडले! पण ओढणीच्या तडफडीला लोक वारा म्हणतात.

यंदा त्याच्या वर्षाची मिस्सा होती. छबूबाई सगळ्यांच्या आधी आली. गुडघे धरत धरत पायरी चढली आणि मला खुंटीवरून काढून हातात घेऊन उभी राहिली. पुन्हा तेच? लोक आले, बसले, एकमेकांना कोपरखळ्या मारू लागले. मग रेश्मा आली आणि उंबऱ्याबाहेर थांबली. डोकं मोकळं. वेणीत चार पांढरे केस मला नवीन होते.

छबूबाईने मला पुढे धरलं. ती म्हणाली, "रेश्मा, ही तुझी हाय. तुझ्यासाठी इनली हुती. डोक्यावर घे, न्हाईतर घेऊ नगं. पिशवीत टाक. मला जसं माघारी लावलं हुतं, तसंच म्या तुला लावलं गं. माझं चुकलं."

सगळं चर्च ऐकत होतं. छबूबाईने आवाज मुळीच खाली केला नाही, कारण बोलही तिने सगळ्यांच्या देखतच लावले होते.

रेश्माने मला घेतलं, ती तीनदा उसवलेली कड अंगठ्याने चाचपली आणि खांद्यावर टाकलं. ती मोकळ्या डोक्याने आत गेली आणि आईच्या शेजारी सतरंजीवर बसली. ख्रिस्तप्रसादाच्या वेळी छबूबाई बाजूला सरकली. "तू हो म्होरं," ती म्हणाली. आठ वर्षांनी रेश्मा वेदीपर्यंत पोचली आणि मी तिच्या खांद्यावर होते. मित्रांनो, मला रडता येत असतं तर मी तिथेच ओली झाले असते.

मिस्सेनंतर सगळे कबरस्तानात गेले. उन्हाचा कहर होता. छबूबाई नवऱ्याच्या कबरीपाशी बसून गवत उपटू लागली. एका हातात मेणबत्ती, दुसऱ्यात गवत, आणि वाऱ्याने तिचा पदर पार खाली गेला. पांढरं, विरळ केसांचं डोकं उघडं पडलं. ते मी कधी पाहिलंच नव्हतं. रेश्माने मला खांद्यावरून काढलं आणि आईच्या डोक्यावर ठेवलं. पुढून सारखं केलं, मागून सारखं केलं, आणि मग परत पुढून.

"ऱ्हाऊ दे गं," छबूबाई म्हणाली.

"ऊन लागेल आई," रेश्मा म्हणाली.

मित्रांनो, बायांनी मिस्सेला डोकं झाकावं की नाही, हे मला विचारू नका. स्नेहलला विचारा, ती एक सांगेल. रेश्माला विचारा, ती दुसरं सांगेल. आणि दोघी एकाच सतरंजीवर बसतील. मी फक्त एवढंच मागते, की माझ्यासारखं काही कुणाच्या डोक्यावर ठेवायचं असेल तर आधी तिच्या चेहऱ्याकडे बघा. आणि शनिवारी मला रिठ्याने धुवा, साबणाने माझी जाळी विरते.

आता मी नगरला रेश्माच्या घरी असते. परवा छबूबाईचा फोन आला. साखर विचारून झाली, गोळ्या विचारून झाल्या, तरी फोन ठेवला गेला नाही. मी खुर्चीच्या पाठीवर होते, मला सगळं ऐकू आलं.

"रेश्मा, आगं, चांगुणाची नवी नातसून, निकिता, काल मिस्सेला आली. दारात थांबली. डोकं मोकळं अन् खुंटी रिकामी. तिकडंच बघत ऱ्हायली बिचारी."

"मग?" रेश्माने विचारलं.

"मंग काय? म्या म्हनलं, खुंटीकडं काय बघतीस पोरी, आत ये."