लंबूला शिक्षा कशाची?

घरात भांडण झालं की शेजाऱ्यांना कळतं. भांडण अचानक बंद झालं तर कुणाला काही कळत नाही. या घरात महिनाभर भांडण बंद होतं आणि नवऱ्याची झोप उडाली होती.

नवरा मोटार चालवायला शिकवायचा. वीस वर्षं शिकाऊ माणसांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसल्यामुळं घरी सोफ्यावरसुद्धा दचकला की त्याचा पाय ब्रेक दाबायचा. बायको एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात सुपरवायझर. हाताखाली बारा माणसं, रोज हजारभर चादरी. तोंडानं फटकळ. ओला टॉवेल पलंगावर दिसला की शेजारची मांजरंसुद्धा पळायची. पण महिनाभर ती तो टॉवेल गुपचूप उचलून वाळत घालत होती, नवऱ्याचे बूट पुसत होती, स्वतःच्या ताटातलं अंडं त्याच्या ताटात सरकवत होती.

"काय गं, कुठं डॉक्टरकडे जाऊन आलीस का?" शेवटी त्यानं विचारलं.

"मी? कशाला?"

"नाही, म्हणजे रिपोर्ट वगैरे काही आला असेल तर सांग. मी घाबरणार नाही." हे म्हणताना त्याचा पाय ब्रेकवर होता.

"काहीतरीच तुमचं!" म्हणत ती न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून रडली.

रिपोर्ट कसलाच नव्हता. होता तो लंबू.

लंबू धुलाईघरात रोलरवर चादरींना इस्त्री करायचा. दारातून वाकून आत यायचा, कामाला वाघ. बाह्या कोपरापर्यंत दुमडून ओली चादर एका झटक्यात सरळ करायचा. एका दुपारी वाफेत उभा असलेला तो तिला दिसला आणि तिच्या मनात काहीतरी आलं. मग येतच राहिलं. नवऱ्याच्या मिठीत असतानाही आलं. लंबूला याची गंधवार्ता नव्हती. तिनं त्याला बोट लावलं नव्हतं, वेडावाकडा शब्द काढला नव्हता. पण बाईंनी स्वतःवर खटला भरला, स्वतःच निकाल दिला आणि शिक्षा ठोठावली ती लंबूला!

आधी त्याला रोलरवरून काढलं आणि मागच्या खोलीत टाकलं. तिथं रक्तानं, घाणीनं भरलेल्या चादरी हातानं वेगळ्या करतात. मग वरून हुकूम आला, हंगामी माणसांतलं एक नाव कमी करा. बाईंनी लंबूचं नाव लिहिलं. शेरा मारला, 'कामात लक्ष नाही. वर्तन असमाधानकारक.' कागद साहेबांकडे गेला. शुक्रवारी सही व्हायची होती.

गुरुवारी आक्कानं बाईंना शिवणखोलीत बोलावलं. आक्का म्हणजे फाटक्या चादरी शिवणारी, तीस वर्षं त्याच मशीनवर बसलेली. साहेबसुद्धा तिला आक्काच म्हणायचे.

"दार लाव," आक्का म्हणाली. "लंबूनं काय केलं?"

"आक्का, त्याचं वागणं..."

"वागणं राहू दे. मागं साथ आली तेव्हा दोन-दोन पाळ्या उभा होता तो. आणि तू हल्ली त्याच्याशी भिंतीकडे बघून बोलतेस. त्यानं हात लावला का तुला? तसं असेल तर सांग, ही कात्री घेऊन आत्ता जाते."

"नाही हो! त्यानं काहीच केलं नाही."

"मग तू केलंस?"

बाई चादरींच्या गठ्ठ्यावर मटकन बसल्या. जमिनीकडे बघत, अर्धी वाक्यं गिळत त्यांनी सगळं सांगितलं.

"एवढंच?" आक्का म्हणाली.

"एवढंच काय! मी लग्नाची बाई. त्याला बायको आहे. मी रोज दोघांना फसवते. घाण आहे माझ्या मनात."

"घाण मागच्या खोलीत आहे, आणि त्यात तू एका सरळ माणसाला उभं केलंयस. मला सांग, माणूस मोठा, जाणता आहे ना?"

"पस्तिशीचा आहे."

"त्याला कधी अडवलंस? वरिष्ठपणाचा धाक घालून जवळ बोलावलंस? चोरून फोटो काढलास? चार बायकांत त्याच्यावरून चघळलंस?"

"शप्पथ नाही."

"मग तू ज्याला पाप म्हणतेस त्यानं कुणाचं नखभरही नुकसान झालेलं नाही. आणि त्या पापावर जो उपाय केलास, त्यानं एका घरची चूल विझायला निघालीय!"

"पण मनात येतंच का, आक्का?"

"मला काय ठाऊक? माझा नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. मला टीव्हीवरचा तो हवामानवाला आवडतो. टक्कल आहे, पाऊस म्हणतो तेव्हा पडत नाही, तरी आवडतो. आता काय त्याची नोकरी घालवू?"

बाईंना रडता रडता हसू आलं.

"ऐक," आक्का म्हणाली. "विचार विचारून येत नाही. तो आल्यावर त्याला घेऊन बाहेर पडायचं की नाही, एवढं आपल्या हातात. जबाबदारी तिथं सुरू होते. उद्या एखादा विचार डोक्यावर बसला, कुणाला इजा करायला ढकलू लागला, तर सरळ मनाच्या डॉक्टरकडे जायचं, लाजायचं नाही. हे काही तसं नाही."

"मग लंबूला खरं सांगून पाया पडू?"

"खबरदार! तुझं ओझं हलकं करायला त्याच्या डोक्यावर ठेवणार? उद्यापासून तो बिचारा शर्टाची बाही तरी दुमडेल का? माफी माग ती खोट्या शेऱ्याची. बाकीचं तुझं तुझ्यापाशी."

"आणि घरी?"

"ते तुझं घर. नवरा तुझा, त्याला किती सोसेल ते तुला माहीत."

वाचकहो, पुरुष चहाच्या टपरीवर दात काढून जे बोलतात, ते बाईच्या नुसत्या मनात आलं तर ती स्वतःला जाळत बसते. हे तिला शिकवलं कुणी? आपणच! मनातलं ओठांवर आणायचं नाही, असं आपण सांगत आलो. ते आत कुजतं आणि त्याचा वास भलत्याच माणसाला सोसावा लागतो.

बाईंनी दार उघडलं तर समोर लंबू. हातमोजे कोपरापर्यंत, कपाळ घामेजलेलं.

"बाई, एक विचारू? माझं काय चुकलं तेवढं सांगा. घरी बायको विचारते. मला काही सांगताच येत नाही."

काय चुकलं! वाफेत उभा होता, हे चुकलं? बाईंना कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. त्या तडक साहेबांच्या खोलीत गेल्या.

"साहेब, लंबूवरचा शेरा खोटा आहे. मी खोटा लिहिला."

"खोटा? का?"

"कारण माझं आहे, त्याचं नाही. ते सांगणार नाही. चूक मात्र लेखी देते."

"अहो, तुम्हालाच मेमो द्यावा लागेल मला. आणि मग दुसरं नाव कोणाचं?"

"बारांतलं एकही कमी करण्यासारखं नाही. तेही लेखी देते."

मेमो मिळाला. चौकशी बसली. नावाचं प्रकरण अजून लटकलेलंच आहे. पण लंबू त्याच दिवशी रोलरवर परत आला. बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, "शेरा खोटा होता. चूक माझी, तुझी काडीचीही नाही. घरी हेच सांग." लंबू "बरं, बाई" एवढंच म्हणाला. हसला नाही. का हसावं त्यानं?

संध्याकाळी चहा पिताना ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, मी आजारी नाही."

"मग?"

"माझं मन कधीकधी भलतीकडे जातं. तुम्हाला सोडून. नुसतं मन. मी कुठं गेले नाही, जायचंही नाही मला."

त्यानं कप खाली ठेवला. दुखलं? दुखलं थोडं, खोटं कशाला सांगायचं! मग म्हणाला, "कोण ते सांगू नकोस."

"नाही सांगत."

"माझंही जातं."

तिची मान झटकन वर झाली. "कुठं?"

"वा गं वा! तुझं गेलं तर नुसतं मन, आणि माझं गेलं तर पत्ता हवा?"

ती चिडायला गेली आणि हसत सुटली. तोही हसला. मग त्याचा आवाज जरा ओला झाला. "महिनाभर मला वाटत होतं, तू चाललीस. तुझ्याशिवाय राहायची तालीम करत होतो मी. अंडं उकडायला शिकलो. दोनदा फुटलं. नाही जमत मला."

तिनं त्याचा हात धरला. त्या वेळी तिच्या मनात दुसरं कुणी नव्हतं. उद्या असेलही. म्हणून तो हात खोटा ठरत नाही.

डोक्यात काय आलं, यावरून माणूस वाईट ठरत नसतो. आपल्या लाजेपायी दुसऱ्याला शिक्षा केली की ठरतो. तुमच्या हाताखाली, तुमच्या घरात कुणाचा तुम्हाला उगाच राग येत असेल, तर दार लावून स्वतःला विचारा, याचं काय चुकलं? उत्तर सापडलं नाही, तर आधी त्याला मागच्या खोलीतून बाहेर काढा. लाजायला पुढं सगळं आयुष्य पडलंय!