काल काय दिलं होतं?

मी घंटा बोलतेय. हसू नका, माझ्या नावाने लोक काय काय बोलतात ते मला ठाऊक आहे.

पितळ ओतून मला घडवलं ते शाळेसाठी. पण साथ आली, शाळांना कुलपं लागली आणि मला इस्पितळातल्या वॉर्डाच्या दाराशी टांगलं. बरा झालेला माणूस घरी जाताना मला वाजवायचा. मीही हुरळून जायचे.

रोग नवा, औषध कुणालाच ठाऊक नाही. मोठे डॉक्टर माणूस सज्जन, पण बुडत्याला काडीचा आधार, तसा त्यांना माझा झाला. मी वाजले की धावत येऊन विचारायचे, "काल यांना काय दिलं होतं?"

एक शिंपी बरा झाला. त्याने आदल्या दिवशी केळं खाल्लं होतं. लगेच सगळ्या वॉर्डाला केळी! मग एक पोस्टमन बरा झाला. त्याचं डोकं खिडकीकडे होतं. सगळे पलंग फिरवले, तर जेवणाची गाडीच आत येईना. मग एक आजी बऱ्या झाल्या. त्या सुनेशी फोनवर कडाडून भांडल्या होत्या.

"फुप्फुसं मोकळी झाली!" डॉक्टर म्हणाले. जेवणानंतर प्रत्येकाने घरच्यांशी भांडायचं, असा हुकूम सुटला. एका सड्याफटिंग माणसाला भांडायला कुणीच नव्हतं. त्याच्यासाठी हिशेबनीस आणले. ते मन लावून भांडले.

कोपऱ्यातला बसचालक मात्र गेला. मी वाजले नाही, म्हणून कुणी काही विचारलंही नाही.

त्याची बायको त्याच्या चपला न्यायला आली.

"केळं दिलं होतं त्यांना?"

"हो," डॉक्टर म्हणाले.

"पलंग फिरवला होता?"

"हो."

"आणि भांडायला तुम्हीच सांगितलंत?"

डॉक्टरांनी मान हलवली.

"मी पंखा दुरुस्त करून घेतला नाही म्हणून ते भांडले. मीही माघार घेतली नाही. आमचं शेवटचं बोलणं तेवढंच." तिने चपला पिशवीत घातल्या. "घंटा वाजली की विचारता, काय दिलं होतं. ज्यांची वाजली नाही त्यांचं कोण विचारतं?"

डॉक्टर माझ्याखालच्या बाकावर बसले आणि दगावलेल्यांची नावं लिहू लागले.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या टाकल्या. अर्ध्यांना केळं, अर्ध्यांना नाही. मग घरी गेलेले मोजले आणि दगावलेलेही. केळं न मिळालेले रुसले. एकाने शेजाऱ्याचं चोरून खाल्लं, त्याला डॉक्टरांनी असं झापलं की जणू त्याने खूनच केला होता. शेवटी कळलं, दोन्हीकडे सारखंच. पलंगांचंही तेच. अशाच चिठ्ठ्या टाकून तपासलेल्या एका जुन्या, स्वस्त औषधाने मात्र अत्यवस्थांपैकी थोडे जास्त वाचत होते. ते मला माझ्या आवाजावरून कधीच कळलं नसतं.

भांडणाची पाळी आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "हे तपासायचं नाही. बंद. रोज प्रत्येकाला घरी फोन लावून द्या, सुखाचं बोलू दे."

"त्याने माणसं वाचतात का, सर?" हाताखालच्या डॉक्टरने विचारलं.

"नसतील वाचत. लावून द्या."

आता माझी दोरी झिजलीय. तुम्ही बरे झालात तर मला जरूर वाजवा. फक्त माझ्या आवाजावरून औषध ठरवू नका. आणि घरी फोन करायचा राहिला असेल, तर आधी तो करा. मी थांबते.