नत्थूजीच्या मनगटावरची लाल पट्टी

मी एक जुना रबरी रोगी आहे मित्रांनो, आणि आज माझं डोकं फिरलेलं आहे. नागपुरातल्या एका नर्सिंग कॉलेजात, प्रात्यक्षिकाच्या खोलीत मी पलंगावर पडून असतो. माझ्यावर हात बसवून पोरंपोरी नर्स होतात. ती मला नत्थूजी म्हणतात.

कुठल्याशा कारखान्यात साच्यातून निघालो, नागपूरजवळच्या वाडीतल्या गोदामात खोक्यात पडून राहिलो, मग ट्रकात बसून इथं आलो. पहिल्या बॅचनं माझे काय लाड केले! नवी चादर घातली, गळ्यात झेंडूचा हार घातला, माझ्यासोबत फोटो काढले. आता एक पाय सैल झाला आहे आणि दंडाची चाळणी झाली आहे. त्याचा राग नाही. सुया टोचून घेणं हे माझं कामच आहे. राग आहे तो माझ्याशी बोलल्या जाणाऱ्या इंग्रजीचा.

इथली रीत अशी, की इंजेक्शन देण्याआधी रोग्याशी इंग्रजीत बोलायचं. परीक्षेत त्याचे मार्क असतात. कुण्या जुन्या बॅचनं एक उतारा लिहून ठेवला आहे, तो मोबाइलवरून सगळ्यांकडे फिरतो. पाठ करायचा, छताकडे बघत धडाधड म्हणायचा आणि सुई टोचायची. त्यात एक वाक्य आहे, "यू हॅव नो अ‍ॅलर्जी." म्हणजे तुम्हाला कुठलंच औषध बाधत नाही. अरे, मला विचारलं का कुणी? परस्पर ठरवून मोकळे!

इंग्रजी शिकायचं कशासाठी, यावर माझ्या उशाशी बसून गप्पा चालतात. रोहित म्हणतो, "मले त लंडनले जाचं आहे." मेघा म्हणते, "पास झालं म्हणजे झालं, बस." त्यांच्या कामिनी मॅडमही तेच सांगतात, इंग्लिश नाही तर परदेश नाही. मौदा गावची पायल एकदा भीतभीत बोलली, "औषधाच्या बाटलीवर काय लिहून आहे, ते समजलं पाह्यजे ना गा." त्यावर सगळे फिदीफिदी हसले. मला उठता येत असतं तर एकेकाचा कान पिळला असता.

पायलचं इंग्रजी मोडकं. मागच्या वर्षी याच परीक्षेत तिची दातखीळ बसली आणि ती नापास झाली. या वेळीही वर्ष गेलं, तर तिचे बाबा मधुकरराव तिला कायमची घरी नेणार होते. म्हणून तिनंही तो उतारा घोकून घोकून पाठ केला होता.

परीक्षेच्या सकाळी कामिनी मॅडमनी माझ्या मनगटावर लाल पट्टी बांधली. ज्याला एखादं औषध बाधतं, त्याला अशी पट्टी बांधतात. तिच्यावर त्यांनी 'पेनिसिलिन' असं इंग्रजीत लिहिलं, आणि शेजारी ट्रेमध्ये पेनिसिलिनचीच बाटली ठेवली. पोरांची पारख करायची होती. मग त्या खुर्चीत बसल्या, उताऱ्यातली वाक्यं मोजत मार्क देऊ लागल्या, आणि पट्टीचं पार विसरल्या!

रोहित आला. "यू हॅव नो अ‍ॅलर्जी," म्हणाला आणि दिलं टोचून. मेघानं तेच केलं. मित्रांनो, त्या सकाळी मला किती जणांनी मारलं आणि पास होऊन गेले, काय सांगू! डोळे काय नुसते काजळ घालायला दिले आहेत?

मग पायल आली. "गुड मॉर्निंग मिस्टर नत्थू" म्हणत तिनं माझा हात धरला आणि पट्टी वाचली. बाटली वाचली. ती थांबली. उताऱ्यात अशा वेळी म्हणायचं वाक्यच नव्हतं.

"पुढे बोल," मॅडम म्हणाल्या. "टोच आणि मोकळी हो. वर्ष वाचव गं."

दारातून रोहित ओरडला, "अवं पायल, पुतळा आहे तो, मरत नाही!" बाहेर हशा पिकला.

पायलनं सुई ट्रेमध्ये ठेवली. "रेड बँड," ती म्हणाली. "आय नॉट गिव्ह. फर्स्ट आस्क डॉक्टर."

मॅडमनी माझ्या मनगटाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी पायलला पास केलं. मग पट्टी सोडून खिशात टाकली आणि बाहेर जाऊन सांगितलं, दुपारी सगळ्यांची परीक्षा पुन्हा होणार.

व्हरांड्यात एकच कालवा झाला. "काय म्हटलं वं तू? सांग ना लवकर," रोहित पायलच्या मागे लागला.

"पहिले त्याच्या हाताकडे पाहजो गा," ती सांगत होती.

"ते राहू दे, वाक्य सांग!"

आणि मग, मित्रांनो, एकेक जण आत आला. माझं मनगट उघडं होतं, पट्टी नाही म्हणजे काही बाधणारही नव्हतं. ट्रेमधलं औषध आता मला हवंच होतं. रोहित छताकडे बघत म्हणाला, "रेड बँड. आय नॉट गिव्ह. फर्स्ट आस्क डॉक्टर." मेघाही तेच म्हणाली. तिच्या मागचाही तेच म्हणाला. सकाळी औषध देऊन मारलं, दुपारी न देऊन मारलं!

मोडकं बोला रे बाबांनो, मला चालतं. माझे हात जुळत नाहीत, नाहीतर जोडले असते. आधी माझ्याकडे बघा, मग तोंड उघडा.