दाराला मोहोर, वर आभाळ

रखमाजी अंबडहून परत आला तेव्हा त्याच्या दाराला कुलूप होतं, कुलपावर तहसीलची लाखेची मोहोर होती आणि घराला माळवद नव्हतं.

त्यानं डोळे चोळून पुन्हा पाहिलं. भिंती जागेवर होत्या. छताची माती आत पडली होती. पण तुळया, खांब, सरे, ते दार सोडून लाकूड म्हणून जे काही होतं ते सगळं गायब. मोहोरेला मात्र ओरखडासुद्धा नाही. सरकारी बंदोबस्त म्हणतात तो हा!

तीर्थपुरीच्या पेठेला लागून हे घर. जागा जहागीरदाराची, लाकूड राहणाऱ्याचं, अशी आजोबांच्या काळापासूनची रीत. पण जहागीरदारानं जागा सुरजमल शेठला विकली आणि शेठला तिथं कापसाची वखार बांधायची होती. त्यानं तहसीलातून लाकडासकट घराच्या जप्तीचा हुकूम आणला. रखमाजी बायको गोजरबाईला आणि पोरांना घेऊन शेजारच्या कडूबाच्या गोठ्यात जाऊन राहिला. अंबडला तहसीलच्या साहेबाच्या पाया पडायला गेला होता, तर तिथं त्याला आठ दिवस कोणी दारातसुद्धा उभं केलं नाही.

"अरे, माझं घर नेलं अन् तुम्ही बघत बसले?" त्यानं कडूबाला विचारलं.

"आम्हाला वाटलं, शेठचेच गडी हायेत. दिवसाढवळ्या आल्ते, बराबर गाड्या भरून गेले. मी तर त्यान्ला पाणी पाजलं."

यावर हसावं की कपाळ बडवून घ्यावं, हे रखमाजीला कळेना.

शेठच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यानं ठाण्यातून पोलीस अमीनाला बोलावून आणलं. अमीन रखमाजीला म्हणाला, "लाकूड जप्तीतलं हाय. चोर मिळाला न्हाई तर तूच चोर. बोल जल्दी, शक कोणावर?"

रखमाजीची पाचावर धारण बसली. कडूबानं ओळखले नाहीत, म्हणजे परगावचे गडी. कोणाचे? आणि त्याला थोरला भाऊ धर्मराज आठवला. वाटणीच्या भांडणात हाच भाऊ या दारात ओरडला होता, "या घरात माझंबी लाकूड हाय. एक दिवस घेऊन जाईन, बघच तू!" तेव्हापासून तो अंतरवालीला सासऱ्याच्या रानात राहत होता. भावाभावांत बोलणं नाही, लग्नाकार्याचं बोलावणं नाही.

पण धाकटा रस्त्यावर आलेला बघून कोणी असा डाव साधतं का? मन एकदा हो म्हणे, एकदा नाही. पोरांची तोंडं डोळ्यांपुढे आली आणि राग वरचढ झाला. त्यानं भावाचं नाव घेतलं, जबानीवर अंगठा दिला. दिला आणि लगेच तो धोतराला पुसायला लागला. शाई काही निघेना.

दुसऱ्या दिवशी लाकूड ओळखायला त्याला अंतरवालीला नेलं. धर्मराजच्या घराशेजारी नव्या ओल्या भिंती उभ्या होत्या, वर तुळया चढल्या होत्या. धर्मराज दोन शिपायांच्या मधे हात बांधलेला, खाली मान घालून उभा होता.

"आत जा. ओळख पटव," अमीन म्हणाला.

रखमाजी ताडमाड उंच. तीर्थपुरीच्या घराचं दार ठेंगणं, जन्मभर त्यानं तिथं कपाळाला टेंगळं आणली. लहानपणी धर्मराज त्याला उंटच म्हणायचा. सवयीनं तो वाकून आत शिरला, पण चौकट कपाळाच्या आसपासही नव्हती. ती त्याच्या डोक्याच्याही वर हातभर होती. बुटक्या धर्मराजला एवढं दार कशाला लागतंय?

त्यानं वर बघितलं. मधल्या तुळईला पाळण्याची कडी तशीच होती. दोघं भाऊ त्याच कडीला झुलले होते.

मागून थोरली वहिनी, दुर्गाबाई, आली. "भाऊजी, ते म्हणले, उंटाला आता वाकायला लागू नये. माळवद झालं की तुम्हाला आणायला येणार व्हते."

"मंग आधी सांगायचं ना!" रखमाजी जवळजवळ ओरडलाच.

"बोलणं कुठं व्हतं तुमचं?"

तो धडपडत बाहेर आला. "सायेब, हे लाकूड आमचं न्हाई. बिलकुल न्हाई."

अमीन म्हणाला, "न्हाई, तर राहू दे हितंच. पण जबानीवर अंगठा तुझा हाय. याला न्यावंच लागंल."

"मंग मला न्या! मी खोटं बोललो!"

"कधी? काल का आज?"

शिपायांनी धर्मराजला पुढे ढकललं. भावाजवळून जाताना धर्मराजनं मान वर केली.

"वर माती टाकायची राह्यली हाय," तो म्हणाला. "तुझी पोरं गोठ्यात झोपू राह्यली. आजच टाकून घे."

इतक्या वर्षांत भाऊ त्याच्याशी बोललेला तो पहिला शब्द. मागं पळावं की माती उचलावी, रखमाजीला काहीच कळेना. दुर्गाबाईनं मातीचं टोपलं त्याच्यापुढे आणून ठेवलं. त्यानं ते धरलं, तर काळा अंगठाच आधी दिसला.